कीचड से लावा

शुक्रवार, नोव्हेंबर १९९६, नोएडा

घरी येऊन दोन कप चहा झाला, संताप उतरत नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्या विभागाच्या सेमिनार हॉलमध्ये मी म्हटलं होतं, की समुद्रतळाचा गाळ भूपट्टाबरोबर खाली जातो, वितळून प्रावरणात मुरतो, म्हणून तिथून वर येणाऱ्या शिलारसात पोटॅशियम एवढं जास्त सापडतं. विभागप्रमुख हसले होते. "मॅडम, कीचड से लावा बनाएंगी आप?" सगळा हॉल हसला होता.

आज तिथेच व्याख्यानाला आलेल्या परदेशी पाहुण्याने तेच सांगितलं. तोच गाळ, तेच पोटॅशियम. आणि विभागप्रमुख साहेब मान डोलावत, "बिल्कुल, बिल्कुल!" आता का नाही हसलात?

मी उभीच राहिले. "सर, हे मी इथेच सांगितलं होतं. तुम्ही हसला होतात."

पाहुण्याने विचारलं, तुमच्याकडे त्या खडकांचे नमुने आहेत? साहेब घाईने उठले, "मी दाखवतो."

"माझ्या कपाटात आहेत. मीच दाखवते."

सगळे प्रयोगशाळेत गेलो. पाहुणा बराच वेळ सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसला. मग म्हणाला, हे छापायलाच हवं, तुमच्या नावाने. तेव्हा तरी आनंद व्हायला हवा होता ना? पण तेवढ्यात साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हमारी बच्ची है. मैंने ही सिखाया है."

बच्ची! चव्वेचाळीस वर्षांची आहे मी. सगळ्यांदेखत त्यांचा हात उचलला आणि बाजूला केला.