बिनतळाची शेड

मंगळवार, ४ फेब्रुवारी

मागच्या बागेत शेड बसणार हे नक्की. धाकटीने फोनवर सांगितलं. ह्यांना विचारलं तर वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता "हं" म्हणाले. म्हणजे दोन ठिकाणांहून दुजोरा. छापायला हरकत नाही!

बायकोला बातमी लेकीकडून. सगळी नोकरी दैनिकाच्या डेस्कवर गेली. जगात कुठे काय पेटलं ते आधी मला कळायचं. स्वतःच्या परसातलं मात्र सगळ्यांत शेवटी.

"आई, बाबा म्हणतात कोब्यावर बसवणार. तुला चालेल ना गं?"

"न चालायला काय झालं?" मी म्हणाले.

फोन ठेवला आणि मागच्या खिडकीशी जाऊन उभी राहिले.

बुधवार, ५ फेब्रुवारी

लिहून टाकते, म्हणजे डोक्यात फिरत राहणार नाही.

बागेच्या टोकाला सिमेंटचा कोबा आहे. पाण्याच्या टाकीसाठी ह्यांनी स्वतः घातलेला. टाकी कधी आलीच नाही. कोबा ओला होता तेव्हा थोरला त्यावरून चालत गेला. अनवाणी. काठापासून आत गेलेली चिमुकली पावलं, करंगळीसुद्धा दिसते. मधोमध ती थांबतात. पुढे नाहीत. मागे वळलेलीही नाहीत. बस, थांबतात.

मी त्या दुपारी कामावर होते. त्याच पावसाळ्यात थोरला तापाने गेला. चार वर्षांचा. धाकटी त्याच्यानंतरची. ती आता वाचायला चष्मा लावते, गुडघे धरून उठते. आमच्या घरात थोरला सगळ्यांत लहान आहे.

लहान असताना धाकटी त्या पावलांत पाय ठेवत जायची. शेवटच्या पावलावर उभी राहून विचारायची, "आई, दादा इथून कुठे गेला?"

मी म्हणायचे, "जेवायला चल."

त्याचे फोटो आहेत. पण पाहून पाहून ते दुसऱ्याच कुणाचे झालेत. पावलं मात्र त्याचीच राहिली.

आज सकाळीही पावलांत पाणी होतं. पाऊस नाही, दव नाही. बाकी कोबा खडखडीत कोरडा. हे भरतात. किती वर्षं झाली, कोण जाणे. मी उठायच्या आधी. रात्रपाळीने मला उशिरा उठायची सवय लावली ती निवृत्त झाले तरी सुटली नाही. चहा घेऊन खिडकीशी येते तेव्हा पावलं काठोकाठ असतात. चिमण्या पीत असतात. आम्ही त्यावर एक शब्द बोललेलो नाही. काही गोष्टी बोललं की नासतात.

आणि आता हाच माणूस त्यावर शेड ठोकणार?

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

शेडच्या दुकानात गेलो. हे लांबी-रुंदी तळहातावर पेनाने लिहून आले होते. आयुष्यभर बांधकामावर देखरेख केली, कागद असला तरी तळहातच वापरणार.

दुकानाच्या मागे मोकळ्या जागेत शेड्स ओळीने मांडलेल्या. पत्र्याच्या, लाकडी, प्लॅस्टिकच्या. माणसं नसलेलं गावच. दारं अर्धवट उघडी, आत अंधार. मला एकाही दारातून वाकून पाहवेना.

दुकानदाराचं तोंड काही थांबत नव्हतं. "मॅडम, ही बघा. हिच्यात दोन सायकली, गवत कापायचं मशीन आणि एक रुसलेला नवरा आरामात मावतो!"

मला लाकडी आवडली. खिडकी होती. ह्यांनी तिच्याकडे पाठ फिरवली. "लाकूड कुजतं. पत्र्याची दाखवा. उतरतं छप्पर. खिडकी नको."

"तळाच्या फळ्या कुठल्या देऊ, काका?"

"तळ नको."

"काका, बिनतळाची शेड म्हणजे बिननाडीचा पायजमा!"

"नको म्हटलं ना."

इतक्या जोरात बोलले की पलीकडचं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. दुकानदाराने सूर बदलला. "बरं बरं. ठेवणार काय आहात आत? त्याप्रमाणे फळ्या-खुंट्या देतो."

हे नुसतेच पत्र्यावरून हात फिरवत राहिले. "बघू," म्हणाले.

सगळ्यांत मोठी घेतली. अख्खा कोबा आत जाईल इतकी. गुरुवारी बसवून देणार.

शनिवार, ८ फेब्रुवारी

आमच्याकडे शेडमध्ये ठेवण्यासारखं आहे तरी काय? एक खुरपं, एक झारी, पाण्याचा पाइप. तिन्ही मागच्या दाराशी सुखाने नांदतात.

म्हणजे शेड सामानासाठी नाहीच. खिडकी नाही, म्हणजे आत बघायचं नाही. तळ नाही, म्हणजे थेट कोब्यावर बोल्ट मारायचे. कंटाळले असतील. रोज सकाळी ते पाणी, त्या चिमण्या. म्हातारपणी माणूस एकेक दार लावून घेत जातो म्हणतात. लावोत बापडे. पण त्या दाराआड ती पावलं आहेत! ती गेली की थोरला या घरात होता याची खूण काय?

माझ्या डेस्कवर कुणी पोराने असली तर्काची बातमी आणली असती तर कागद त्याच्या अंगावर भिरकावला असता. संबंधित माणसाला विचारलंस का रे?

संबंधित माणूस शेजारच्या खोलीत घोरतोय.

ठरवलं. शेड गुरुवारी येते. बुधवारपर्यंत विचारायचं. डेडलाइन.

रविवार, ९ फेब्रुवारी

नाश्त्याला म्हटलं, "अहो—"

"हं?"

"मीठ द्या."

सोमवार, १० फेब्रुवारी

आज लवकर जाग आली. स्वयंपाकघरात गेले तर हे आधीच खिडकीशी उभे. पावलांत पाणी होतं, उजेड पडून चकाकत होतं. मला पाहताच मागे सरले, दुसऱ्याचं पत्र वाचताना सापडल्यासारखे.

मग उगाच कपाट उघडत म्हणाले, "शेड बसली की तुला सकाळी अडचण नाही ना व्हायची?"

"मला कसली अडचण?"

"नाही, कुलूप-किल्लीची वगैरे."

काय बोलतात! माझा शेडशी काय संबंध?

विचारायची हीच वेळ होती. दूध उतू गेलं.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

धाकटीचा फोन. "आई, तू स्पष्ट बोल ना बाबांशी. तुम्ही दोघं म्हणजे ना, एका घरातले दोन भाडेकरू!"

"भाडेकरू भांडतात तरी," मी म्हणाले.

ती हसली नाही. म्हणाली, "तुला कोबा झाकलेला नको असेल तर मी सांगू का त्यांना?"

नको म्हटलं. काय कारण देऊ? तो कोबा अजून पाहवत नाही. तो पाहिल्याशिवाय माझा दिवसही सुरू होत नाही. हे एका वाक्यात बसवून दाखवावं कुणी.

दुपारी तिकडे जाऊन बसले. पहिल्या पावलाची टाच झिजलीय. बोटांच्या कडा बोथट झाल्यात. दरवर्षीचा पाऊस थोडं थोडं नेतोय. हे मला आजवर कसं दिसलं नाही? रोज खिडकीतून बघते, जवळून नाही.

शेवटच्या पावलात तळहात ठेवला. मावला नाही. सिमेंट ऊन खाऊन तापलेलं. तळहाताखाली मात्र गार.

बुधवार, १२ फेब्रुवारी

नाही विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा डेडलाइन चुकली.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

शेड बसली. सगळं क्रमाने लिहिते.

फिटर आणि त्याचा भाऊ सकाळीच टेम्पो घेऊन आले. फिटरची मिशी त्याच्यापेक्षा भारदस्त. त्याने कोब्याभोवती एक फेरी मारली, ड्रिल काढलं. "चार कोपऱ्यांना बोल्ट मारतो, वादळ आलं तरी हलणार नाही."

हे कोब्यावर जाऊन उभे राहिले. पावलं चुकवत वाकडे, दोन्ही हात आडवे करून, रस्त्यावर गाडी अडवल्यासारखे. "कोब्याला हात लावायचा नाही."

"काका, मग बसवू कशावर? हवेत?"

"बाहेरून खणा. मातीत ठोकळे घाला. मी दाखवतो."

दोघे भाऊ एकमेकांकडे बघत खणायला लागले. पहारीखाली माती दगडासारखी निघाली. फिटर म्हणाला, "खाली खडक आहे. ओलीचं नाव नाही. तुमची शेड शंभर वर्षं गंजायची नाही."

मी मागच्या दाराशी चहाचा ट्रे घेऊन उभी. पुढे जाववेना.

भिंती उभ्या करायच्या आधी फिटर खाली वाकला. त्याला आत्ता दिसली. "अरेच्चा! पोराची पावलं?" त्याने बोटाने माग काढला, मधोमध थांबला, पुढचा कोबा न्याहाळला. "आणि इथून कुठे गेला, काका?"

इतकं सोपं असतं विचारणं.

हे म्हणाले, "उचलला मी. आडवी फळी टाकून, तिच्यावर उभा राहून. नाहीतर अख्खा कोबा तुडवला असता. चपला स्वतःच काढून ठेवल्या होत्या, खराब होतील म्हणून. हसत होता. आईला दाखवायची म्हणाला. ती कामावरून आली की." मग थांबले. "म्हणून मी वरून थापी फिरवून ती बुजवली नाहीत."

मी चहाचा ट्रे खाली ठेवला.

फिटरने टोपी काढली, परत घातली. म्हणाला, "मग तळ नको म्हणालात ते बरोबर केलंत."

"आणखी दोन पावसाळ्यांत काही उरलं नसतं," हे म्हणाले. "छप्पर पाहिजे होतं. बाकी काही नाही."

त्यानंतर ते दोघे भाऊ असे काम करत होते, जणू घरात कुणी झोपलंय. पत्रासुद्धा वाजू दिला नाही. शेवटी छपरावर पाइपने पाण्याचा मारा केला. आत एक थेंब नाही. "एक थेंब आला तर ही मिशी उतरवीन," फिटर म्हणाला.

पावलं उमटली त्या दिवशी मी कामावरून आले तेव्हा थोरला झोपला होता. सकाळी त्याने मला हाताला धरून तिकडे नेलंही असेल. मला आठवत नाही. किती आठवून बघितलं.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

सकाळी शेड उघडून पाहिली. आत पत्र्याचा नवा वास. दाराच्या उजेडात पावलं कोरडी, स्वच्छ. ह्यांनी ब्रशने माती काढलेली दिसते. आज पाणी नव्हतं. कालच्या धावपळीत राहिलं असणार.

परत येऊन ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनीही त्यावर आपला हात ठेवला. आम्हा भाडेकरूंचं एवढं खूप झालं.

संध्याकाळी ह्यांनी कुलूप आणलं, लावलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. "एकच आहे. तुझ्याकडेच असू दे."

"मला कशाला?"

"तुलाच लागते ना," म्हणाले आणि अंघोळीला गेले.

पर्समध्ये टाकली.

शनिवार, १५ फेब्रुवारी

सकाळी कुलूप काढलं. पावलं काठोकाठ भरलेली. भोवती एक शिंतोडा नाही.

म्हणजे माझ्या पर्समधून किल्ली काढून, पाणी घालून, परत ठेवली? इतक्या वर्षांत माझ्या पर्सला हात न लावणारा माणूस! हसू आलं. बरं वाटलं. आता मात्र बोलायचं. नासलं तर नासलं. उद्या दुपारी, जेवण झाल्यावर. डेडलाइन.

रविवार, १६ फेब्रुवारी

विचारलं. म्हटलं, "अहो, तुम्ही रोज पाणी घालता ना पावलांत, मला ते फार—"

हे बघतच राहिले. "मी? मी कुठे घालतो? तू घालतेस ना. पूर्वी रात्रपाळीहून यायचीस तेव्हापासून. मी उठायच्या आधी."

मी उठून पर्समधली किल्ली आणली.

किल्ली जेवणाच्या टेबलावर आहे, दोघांच्या मधोमध. उद्या उजाडलं की दोघं मिळून दार उघडणार. हे म्हणाले, चपला बाहेरच काढू.