हिमनदीच्या भेगेतून मुलाला वर काढल्याबद्दल आलेल्या नोटिशीविषयी

प्रति,
मा. परिक्षेत्र वन अधिकारी,
नागचो वनपरिक्षेत्र, लाहौल

विषय : विनापरवाना प्रवेशाची नोटीस मागे घेणे व कॉलेजच्या सहलीला दिलेले प्रशस्तिपत्र रद्द करणे.
संदर्भ : माझे दीर फुंचोग यांच्या दारावर चिकटवलेली आपली नोटीस.

महोदय,

मी यांगचेन डोलमा, शुरलिंग गावच्या महिला मंडळाची प्रमुख, सविनय कळवते की,

१. गेल्या महिन्यात शनिवार-रविवार धरून खालच्या मैदानी प्रदेशातल्या एका कॉलेजची मुले प्रा. सबरवाल यांच्यासोबत गावावरच्या हिमनदीवर सहलीला आली. आमचे पिण्याचे पाणी त्याच बर्फाचे. झऱ्याच्या वर तंबू ठोकू नका, असे मी हात जोडून सांगितले. एक मुलगी हसून म्हणाली, "आंटी, एवढा बर्फ आहे, जाईल की सगळं वाहून!" वाहून गेले खरे. आमच्या हंड्यांत आले.

२. रविवारी मी वर गेले. दगडादगडाआड विष्ठा, लडबडलेले कागद. झऱ्याच्या तोंडाशीच कुणीतरी ओकलेले, त्यात न पचलेल्या शेवया. मंत्र कोरलेले आमच्या पूर्वजांचे दगड उपटून चूल मांडलेली आणि त्यांवर कोंबडीची हाडे. क्षमा असावी, पण जे पाहिले तेच लिहिते आहे.

३. त्याच दुपारी गुरनूर नावाचा मुलगा फोटोसाठी मागे सरकत बर्फाच्या भेगेत पडला. गावातून आपल्या कार्यालयाला फोन केला. "आज रविवार. साहेब उद्या भेटतील," असे उत्तर मिळाले. शेवटी फुंचोग कमरेला दोर बांधून आत उतरले. पोरगा रडत होता, "अंकल, मला सोडून जाऊ नका." फुंचोग म्हणाले, "गप रे, तुझ्याहून जड मेंढ्या उचलल्यात मी." मुलगा धडधाकट वर आला. फुंचोग यांची दोन बोटे मात्र हिमदंशाने काढावी लागली.

४. निघताना प्राध्यापकांनी मुलांच्या हाती कचऱ्याच्या गोण्या देऊन फोटो काढले. फोटो झाल्यावर गोण्या कड्यावरून खाली ढकलल्या. त्या फोटोंवरून आपण त्यांना 'स्वच्छ हिमनदी' प्रशस्तिपत्र दिले आणि फुंचोग यांना नोटीस. आपले लिपिक मला म्हणाले, "ताई, मुलांकडे परवाना होता. तुमच्या दिराकडे होता का?" म्हणजे भेगेत पडायला परवाना होता, बाहेर काढायला नव्हता.

५. गावातल्या लेकरांना अजून जुलाब होत आहेत. घाण आम्ही बायकाच उपसतो आहोत. परवा गुरनूर एकटाच बसने परत आला. त्याने फुंचोग यांचा हात पाहिला. नंतर फावडे मागून घेऊन तो आमच्याबरोबर वर आला. झऱ्याच्या तोंडाशी त्याने स्वतःच्या हातांनी घाण उपसली, दोनदा ओकारी आली तरी थांबला नाही.

तरी वरील दोन्ही मागण्या मान्य कराव्यात. नोटीस मागे घेतली नाही, तरी बर्फातून हाक आल्यावर आम्ही परवान्यासाठी सोमवारची वाट पाहणार नाही, याची नोंद घ्यावी. गुरनूरकडेही या वेळी परवाना नाही. त्याला नोटीस बजावायची असल्यास माझ्या पत्त्यावर पाठवावी. तो आमच्याच चुलीपाशी जेवतो.

नम्रता कशीबशी राखून,
यांगचेन डोलमा
शुरलिंग, दि. १९ जून