पाचवी पिशवी

४ मार्च

कागद आला. एकच पान! सैन्याच्या कचेरीत इतके खेटे घातले, चपला झिजल्या, आणि हाती हे. आईचं नाव, भरतीची तारीख, मोकळं केल्याची तारीख. मध्ये एक ओळ — ‘पॅराशूट घडी विभाग’.

आई आम्हाला कायम सांगत आली, “युद्धात मी सैन्यात शिवणकाम करत होते.” आम्हीही जगाला तेच सांगत आलो. शाळेच्या निबंधात मी तेच लिहिलं होतं, बाईंनी ‘छान’ असा शेराही दिला होता.

दादाला फोन केला. तो भलताच खूश. आईच्या पंच्याऐंशीव्या वाढदिवसाला घरच्यांसाठी छोटं पुस्तक छापायचं हे त्याचंच खूळ. शोधाशोध मात्र माझ्या गळ्यात. “अगं, पॅराशूट! शिवणकामापेक्षा कितीतरी भारी!”

भारी आहे, तर मग आईने लपवलं कशाला? हे त्याला विचारलं नाही. तो म्हणाला असता, झाली तुझ्या शंकांची सुरुवात.

५ मार्च

बाहेर पडताना गॅस बंद केलाय ना हे बघायला जिन्यातून परत आले. दोनदा. झालीच म्हणायची सुरुवात.

७ मार्च

आईकडे गेले. चादरींच्या घड्या चालल्या होत्या. ते काम ती आजही कोणाला करू देत नाही. चादर टेबलावर पसरायची, हाताने सपाट करायची, घडी सरकू नये म्हणून तिच्यावर वाळूच्या पिशव्या ठेवायच्या. मुठीएवढ्या, जाड खाकी कापडाच्या. शेवटी पिशव्या एका रांगेत मांडून बोट लावून मोजायच्या, मगच चादर कपाटात. लहानपणी आम्ही हसायचो — चार पिशव्या मोजायला बोट कशाला लागतं!

मी सरळच विचारलं, “आई, तू पॅराशूटच्या घड्या करायचीस?”

तिचा हात थांबला. “कोण म्हणालं?”

“कागद आलाय.”

“मग कागदात आहे तेवढं लिही.”

आणि मोजलेल्या पिशव्या तिने पुन्हा मोजल्या. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तिथेच.

९ मार्च

दादा म्हणतो, आई सांगत नसेल तर तिच्याबरोबरचं कोणीतरी शोध. वर म्हणतो, पुस्तकावर माझं नाव बारीक अक्षरात टाक, आधीच पणजोबांच्या काळातलं वाटतं.

ते खरंच आहे. आमच्या अख्ख्या घराण्यात दादाचं नाव दुसऱ्या कोणाचं नाही. बाबांनी दुसरं ठरवलं होतं म्हणे, पण आई अडून बसली. आणि हाक मारायची ती पूर्ण नावाने. बाबांनी एकदा लाडाने अर्धं नाव घेतलं, तर ती दिवसभर त्यांच्याशी बोलली नव्हती. मला मात्र ठमे, चिमणे, गधडे — काहीही चालायचं. लाडका मुलगा, दुसरं काय!

१२ मार्च

माजी सैनिकांच्या संघटनेतून एक पत्ता मिळाला. आईच्याच विभागातल्या एक बाई. फोनवर म्हणाल्या, “मला शिट्टी मावशी म्हण. काम करताना वाजवायचे, तेच नाव पडलं.” आवाज खणखणीत. आईचं नाव सांगितलं, तर ते त्यांनी माझ्याकडून पुन्हा वदवून घेतलं. मग म्हणाल्या, “ये. पण एकटी ये.”



१५ मार्च

आत्ताच परत आले. सगळं लिहून काढते, नाहीतर मी आतल्या आत काहीतरी भलतंच रचत बसेन.

मावशी सडपातळ, केस पोरासारखे कापलेले. चहा करता करता सांगत होत्या. मोठी शेड, लांबच लांब टेबलं. पॅराशूटला त्या सगळ्या छत्रीच म्हणायच्या. प्रत्येकीला तिचं टेबल आणि वाळूच्या पाच पिशव्या. छत्रीच्या घड्या घालताना कापड पिशव्यांनी दाबून धरायचं, आणि पाचही पिशव्या परत टेबलावर दिसल्या की मगच छत्री बांधायची.

“पाच?” मी म्हटलं.

“पाच. तुझ्या आईकडे चार असतील.”

मी मान हलवली.

मावशींनी गॅस बंद केला आणि समोर येऊन बसल्या. त्या आठवड्यात आईला ताप होता. सुटी कोणालाच नव्हती. एका सकाळी टेबलाशी आली, तर पिशव्या चारच. आदल्या संध्याकाळी शेवटच्या छत्रीनंतर मोजायच्या राहिल्या होत्या. “तशी धावत सुटली गं ती मैदानाकडे. अनवाणी. मी मागे. पण विमान वर गेलं होतं.”

सरावाची उडी होती. बाकी सगळे उतरले. एकाची छत्री अर्धीच उघडली. पाचवी पिशवी घड्यांमध्ये अडकलेली सापडली. कोवळा पोरगा होता, मावशी म्हणाल्या. नाव आता त्यांना आठवत नाही.

“साहेबांपुढे ती स्वतः जाऊन उभी राहिली. म्हणाली, पिशवी माझी आहे. साहेब म्हणाले, वारा होता. युद्ध चालू, घड्या घालणारे हात कमी — जा परत टेबलावर. आणि गेली ती! युद्ध संपेपर्यंत घड्या घालत होती. पुढे तिची एकही छत्री फसली नाही. शिक्षा केली असती ना, तर सुटली असती बिचारी.”

दारापर्यंत सोडायला आल्या. “झाकली मूठ आहे, पोरी. पुस्तकात नको घालूस.”

१६ मार्च

जेवण गेलं नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

१८ मार्च

छापखानेवाला मजकूर मागतोय, दादा माझ्या मागे लागलाय. मी सांगितलं, डोळे आलेत. आता डोळे आल्यासारखं वागावं लागणार.

काय लिहू? ‘शिवणकाम’ लिहिलं तर वाढदिवसाला आई सगळ्यांसमोर तेच खोटं पुन्हा ऐकणार, हसून टाळ्या घेणार. खरं लिहिलं तर — नाही, ते शक्यच नाही. आणि काहीच न बोलता ती गेली तर? ही भीती सगळ्यात मोठी. आयुष्यभर आम्ही तिला त्या पिशव्यांवरून हसलो, आणि ती आमच्यासोबत हसली. मला तिचा रागही येतोय. एकदा तरी सांगायचं होतंस गं. मी काय तुला टाकणार होते?

२१ मार्च

विचारलं. म्हणजे विचारलं नाही, फक्त म्हणाले, “शिट्टी मावशींना भेटून आले.”

आई खिडकीशी बसली होती.

“अजून वाजवते का गं ती शिट्टी?”

“दात गेलेत. नाही जमत म्हणाल्या.”

ती हसली. मग रडली, आवाज न करता. मी तिचा हात धरून बसले. दोघींचे हात गार पडले होते.

“त्या मैदानाच्या मागे दगड आहे,” ती म्हणाली. “गेलेल्यांच्या नावांचा. मी कधी गेले नाही. नेशील मला?”

२२ मार्च

जाऊन आलो. आईने काठी माझ्याकडे दिली आणि एकेका ओळीवरून बोट फिरवत खाली गेली. चौथ्या ओळीवर थांबली. आडनाव अनोळखी होतं. पहिलं नाव दादाचं.

“त्याच्या आईला आता ती हाक मारता येणार नव्हती,” ती म्हणाली. “कुठल्यातरी घरात रोज मारली जायला हवी होती.”