वीस टक्क्यांचा नियम

१२ जुलै
बुद्धविहाराचा टॅब आजपासून माझ्या ताब्यात. वर्षावासाचं, पावसाळ्याच्या तीन महिन्यांचं वाचन सुरू झालं आणि रोज संध्याकाळी ग्रंथ उघडायला नि लाइट जायला एकच गाठ पडते. शेवंताकाकू वीसेक वर्षं वाचताहेत. मेणबत्तीच्या उजेडात बारीक अक्षरं कशी वाचणार, म्हणून मीच कमिटीत बोललो की टॅबवर मोठी अक्षरं करून देतो. दानात आलेला टॅब कपाटात पडूनच होता. सगळ्यांना पसंत पडलं. फक्त काकू म्हणाल्या, "मले पुस्तकच बरं हाय बाबू. हातात धराची सवय हाय."
म्हटलं, होईल सवय. म्हातारी माणसं नव्या वस्तूला बुजतातच.
टॅब बाकी चांगला, पण बॅटरी मेलेली. तासाभरात निम्मी फस्त.

१६ जुलै
शाळेसाठी रोजच्या सौंसर–पांढुर्णा अपडाऊनमध्ये बसमधला वेळ फुकट जातो, तो आता टॅबवर. एक अॅप सापडलं. त्याला नियम शिकवायचे: असं झालं की तसं कर. सात वाजले की वायफाय बंद. ग्रंथ उघडला की उजेड मध्यम. पण काही नियम टॅब चालू देत नाही. इंटरनेटवरची पोरं म्हणतात, रूट करा. म्हणजे कंपनीचं कुलूप तोडून आत शिरायचं. कमिटीची वस्तू, त्यात दानाची. कुलूप तोडणार नाही. तसंच जमवतो.
प्रमिला म्हणाली, शाळेच्या लॅबमधल्या काचेच्या नळ्या चकचकीत ठेवता, घरचा नळ महिनाभर गळतो आहे. बायको आहे, बोलणारच.

२१ जुलै
जमलं. शाळेच्या कॉम्प्युटरला केबल लावली, एक ओळ टाइप केली, अॅपला हवी ती परवानगी मिळाली. कुलूप शाबूत. मग नवं लफडं. टॅब स्वतःची बॅटरी वाचवायला माझं बॅटरी वाचवणारं अॅपच बंद पाडायचा. चौकीदारालाच झोपवायचा. सेटिंगमध्ये जाऊन त्याला सूट दिली.
वाचन संपलं तेव्हा निम्म्याहून जास्त शिल्लक. अध्यक्ष सगळ्यांसमोर म्हणाले, "इंजिनियर हाय आपला सुधाकर." मी लॅब असिस्टंट माणूस. घरी येईपर्यंत तेच वाक्य मनात घोळवत होतो.

२७ जुलै
काकूंच्या वाचनाचा व्हिडिओ काढून मिलिंदला पाठवला. त्यांचा एकुलता मुलगा, नागपूरला कारखान्यात आहे. काय वाचतात काकू. एक शब्द अडत नाही, कुठे श्वास घ्यायचा तेसुद्धा ठरलेलं.
मिलिंदचा लगेच फोन. "भाऊ, जीव भांड्यात पडला. मले वाटे तिचे डोळे गेले. तसं असन तं मी तिले इकडंच घेऊन येतो, एकटी कशी राहीन?"
मी म्हटलं, चष्म्याशिवाय वाचतात, तू निश्चिंत राहा.
काकूंना हे सांगितलं. "पाठवत जाय व्हिडिओ," म्हणाल्या. मग, "थ्या नागपूरच्या तिसऱ्या माळ्यावर मी काय करू? इथं दार उघडलं का माणूस दिसते." दोन खोल्या आणि दारातलं लिंबाचं झाड, एवढंच त्यांचं घर. पण त्या तिथून हलणार नाहीत.

३ ऑगस्ट
शेवटची वंदना रेकॉर्ड केलेली, टॅबवरूनच स्पीकरला लावतो. काल ती मधेच बंद पडली. सगळे हात जोडून तसेच बसले. माझी पंचाईत.
आज त्याच्यावर नियम केला. चार्जिंग वीस टक्क्यांवर आलं की स्क्रीन बंद. उरलेलं वंदनेसाठी राखीव. रूटशिवाय स्क्रीन बंद करणं सोपं नाही, अर्धी दुपार गेली. वाचन होईपर्यंत एवढं खाली जातच नाही, म्हणून काकूंना काही सांगितलं नाही.

८ ऑगस्ट
लिहू की नको.
आज येताना बसमध्ये शाळेच्या बाबूंना टॅब दाखवत होतो. हा नियम असा चालतो, तो तसा. ते वाहवा करत होते आणि मी चार्जिंग उडवत होतो. घरी पोचलो तर लाइट नाही. तसाच विहारात नेला.
काकू वाचत होत्या. मी त्यांच्या बाजूला, नेहमीसारखा टॅबवर डोळा ठेवून. अर्ध्यातच वीस टक्के झाले आणि स्क्रीन काळी झाली. काकू थांबल्या नाहीत. त्याच लयीत वाचत राहिल्या. काळ्या काचेवरून बोट सरकवलं, पान उलटल्यासारखं, आणि पुढे वाचू लागल्या. समोरच्यांना टॅबची पाठ दिसते. मेणबत्त्या लागलेल्या. कोणाच्याच लक्षात आलं नसतं.
माझ्या आलं. आणि माझ्या डोक्यात काय, तर नियम बरोबर चालला. मोठ्यांदा बोललो, "काकू, थांबा, थांबा. टॅब केव्हाचा बंद आहे."
त्या थांबल्या. मागून कोणाची तरी पोरगी आईला विचारत होती, "मंग आजी वाचत काय होती?"
काकूंनी टॅब मांडीवर पालथा ठेवला. म्हणाल्या, "आज एवढंच." उठताना त्यांनी हात पुढे केला तेव्हा तो कोणाच्या दिशेने केलाय हे त्यांनाच माहीत नव्हतं. प्रमिलाने धरला आणि त्यांना घरी नेलं.
वंदना शेवटपर्यंत चालली. चार्जिंग उरलं होतं.

९ ऑगस्ट
सकाळी डबा हातात देताना प्रमिला म्हणाली, "अजी, तुमाले टॅबच दिसला. बाई नाई दिसली."
बसमध्ये तेच. हळूच बाजूचं बटण दाबलं असतं तर स्क्रीन पेटली असती. काकूंना कळलं नसतं, लोकांना कळलं नसतं. काहीच करायचं नव्हतं, फक्त तोंड बंद ठेवायचं होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं आहे.

१२ ऑगस्ट
काकू तीन दिवस विहारात नाहीत. शेवटी गेलो. दारात पाय ठेवायच्या आधीच म्हणाल्या, "ये सुधाकर." चपलांच्या आवाजावरून ओळखलं असणार. इतके दिवस मला वाटायचं, बघून ओळखतात.
काचबिंदू आहे. दोन वर्षं झाली. "गेलेलं परत येत नाई म्हणे डॉक्टर. उजेड कळते, अंधार कळते. बाकी आवाजानं चालून राहिलं." ग्रंथ इतक्या वर्षांत तोंडपाठ झाला. पुस्तक हातात असलं की कोणी विचारत नव्हतं.
मी माफी मागितली. वाक्य पाठ करून गेलो होतो, तरी मधेच तुटलं.
"म्या तुले म्हटलं होतं, पुस्तकच बरं हाय. पुस्तक बंद नाई पडत." रागाने नाही बोलल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.
निघताना म्हणाल्या, मिलिंदला सांगू नको. मी शब्द दिला. आता आणखी काय देणार होतो.

२३ ऑगस्ट
काल पोळा झाला. आज पांढुर्ण्यात गोटमार, ती दगडफेकीची जत्रा, म्हणून शाळेला सुट्टी, घरीच.
वाचन आता मी करतो. कमिटीने लावलं. अध्यक्ष म्हणाले, टॅब तुलाच येतो, तूच वाच. टपोरी अक्षरं, भरपूर चार्जिंग, दोन डोळे धडधाकट, आणि मी प्रत्येक ओळीला ठेचकाळतो. काल एका ठिकाणी दोनदा अडखळलो तर पुढच्या रांगेतल्या बायांनी ते वाक्य पुटपुटत पुरं केलं. काकूंच्या तोंडून ऐकून ऐकून त्यांनाही आलेलं.
माणसं कमी येतात. मला कोणी काही म्हणत नाही. विहारात जाताना आता मी मागच्या गल्लीतून जातो, काकूंच्या दारावरून नको म्हणून.

३१ ऑगस्ट
एक कल्पना आली होती. जुना फोन घेतला आणि त्याच्यावर काकूंसाठी नियम बसवले. कोणाचा फोन आला ते नाव बोलून सांगतो. वेळ सांगतो. चार्जिंग कमी झालं की ओरडतो. चार संध्याकाळी घातल्या त्यात. घेऊन गेलो, एकेक करून ऐकवलं.
त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तू मले मदत कराले आला का तुयी लाज धुवाले?"
फोन खिशात घालून परत आलो. प्रमिलाला सांगितलं की काकूंना आवडला नाही.

१० सप्टेंबर
मिलिंदचा फोन. सौंसरातल्याच कोणीतरी त्याला कळवलं. "भाऊ, व्हिडिओ तुमीच पाठवत होते. लोक काई काई सांगून राहिले. तुमी खरं सांगा, आईले दिसते का नाई?"
मी बसमध्ये होतो. म्हटलं, आवाज येत नाही रे, गाडीत आहे, नंतर करतो. आवाज स्वच्छ येत होता. शेजारची बाई माझ्याकडे पाहत होती.
नंतर केला नाही.

१४ सप्टेंबर
रोज फोन येतो. सकाळी, शाळेत, जेवताना. वाजून वाजून बंद होईपर्यंत मी हात लावत नाही.
आज माझ्या फोनवर नियम केला. मिलिंदचा नंबर आला की आवाज बंद, स्क्रीनही पेटायची नाही. दोन मिनिटं लागली. आतापर्यंत केलेल्या सगळ्या नियमांत हाच सर्वांत सफाईने चालतो.

१८ सप्टेंबर
फोन शांत. मी शांत नाही. मुद्दाम उघडून पाहतो, किती वेळा येऊन गेला ते. काकूंना दिलेला शब्द पाळतो आहे, असं स्वतःला सांगतो. शब्द पाळायला लपावं कशाला लागतं, हे काही सांगता येत नाही.

२२ सप्टेंबर
प्रमिला काकूंकडून आली ती तोंड पाडून. काकूंचा डावा हात भाजला. गॅस बंद आहे समजून भांडं उचलायला गेल्या. मनगटापर्यंत फोड. दवाखान्यात नको म्हणाल्या, बातमी नागपूरला जाईल म्हणून. प्रमिलाने मलम लावून फडकं बांधलं.
"उद्या पदर पेटला तं? मिलिंदचा फोन येते का तुमाले?"
"नाही," म्हटलं.
खोटं बोललो. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तोंडावर असं सरळ खोटं बोलल्याचं आठवत नाही.
सांगितलं तर काकू त्या घरातून जातील, माझ्यामुळे. नाही सांगितलं आणि काही झालं, तर तेही माझ्यामुळे. जेवण गेलं नाही.

२८ सप्टेंबर, रविवार
सकाळी काकूंकडे गेलो, सरळ समोरच्या रस्त्याने. सगळं सांगितलं. मिलिंदचे फोन, बसमधलं खोटं, फोन मुका करून ठेवला तेही. मग विचारलं, "काकू, त्याला काय सांगू?"
त्या तांदूळ निवडत होत्या, एका हाताने, बोटांनी चाचपून. थांबल्या नाहीत.
"त्या दिवशी कोणी विचारलं नव्हतं तं भर विहारात सांगितलं. आता माया पोट्टा विचारून राहिला, तं तू मले विचाराले आला."

मग तांदूळ बाजूला सारून म्हणाल्या, "तुनं शब्द देल्ला होता ना, त्यातून म्या तुले सोडलं. पण काय सांगाचं ते मी नाई सांगणार. तुले दिसते ना? मंग पाह्य, अन् जे दिसन ते सांग."
उठून चहा ठेवला. मी मदतीला उठणार होतो, पण बसून राहिलो आणि पाहिलं. पाणी मोजून घातलं, बाहेर थेंब नाही. डबे हाताला बरोबर सापडले, साखर आणि पत्तीत घोटाळा नाही. गॅस पेटवताना काडी बर्नरपासून वीतभर बाजूला धरली होती. दुसऱ्या वेळेला जमलं. चहा कपात ओतताना कडेला बोट लावून ठेवलं, भरला तसं थांबल्या. भाजलेल्या हाताचंच बोट होतं ते. चहा चांगला झाला होता. मी पुरा प्यायलो.
घरी येऊन मिलिंदचा नियम काढून टाकला. फोन टेबलावर, आवाज पूर्ण. प्रमिलाला खरं सांगितलं, की फोन येत होते. तिने ताट वाढलं, मी फोनपाशीच बसलो तसं थोड्या वेळाने झाकून ठेवलं.
दुपार झाली. फोन वाजलेला नाही. इतक्या दिवसांनी तो कंटाळलाही असेल.
त्याचीच वाट पाहायला पाहिजे असं काही नाही. नंबर माझ्याकडे आहे.