अर्धी गोळी, अर्धा काढा

प्रिय वन्सं,

वहिनीचा आशीर्वाद, आणि त्याच्या आधी माफी, कारण पत्र संपेपर्यंत ती मागायला मला तोंड राहणार नाही. तुमचा खोकला गेला का? प्रयोगशाळेतल्या उंदरांना झोप बरी लागते ना? (रोज प्रार्थनेत तुमचं नाव घेते तेव्हा त्यांचंही घेते. माणसांची औषधं आधी तेच बिचारे सोसतात.) इकडे देवाच्या कृपेनं सगळं ठीक, म्हणजे तुमचे दादा जागे आहेत.

तुम्ही पाठवलेली झोपेची मुळं पोचली. सोबतचं पत्र चारदा वाचलं. मॅट्रिकला मेंदूचा धडा आमच्या बाईंनी घाईत उरकला होता (परीक्षेत येत नाही म्हणून), तरी तुमचं म्हणणं कळलं, कारण ते कुलपाचं होतं. मेंदूतल्या पेशींवर रिसेप्टर नावाची बारीक कुलपं असतात, मेंदूला शांत करणारं रसायन ती किल्लीसारखं उघडतं, आणि या मुळांचा अर्क त्या किल्लीला हातभार लावतो. किल्ल्या करणाऱ्याच्या घरात तीस वर्षं काढली, मला आणखी काय समजावायचं? शेवटी तुम्ही लाल शाईनं लिहिलं होतंत की डॉक्टरांना विचारून द्या, आणि झोपेच्या गोळीबरोबर मुळीच देऊ नका.

वन्सं, तेही वाचलं. पण डॉक्टरांनी गोळी बंद केली तेव्हा अर्धी पट्टी उरली होती, आणि चांगलं औषध कचऱ्यात टाकायला माझा हात धजेना. मी विचार केला, कुलूप एकच आहे. त्याला दोन किल्ल्या लावल्या तरी ते उघडायचं तेवढंच उघडणार. आमच्या दुकानातलं प्रत्येक कुलूप असंच वागतं. म्हणून अर्धी गोळी कुटून मुळांच्या अर्ध्या काढ्यात घातली. अर्धं नि अर्धं मिळून एक. देवाचं नाव घेऊन दिलं (देवालाही पूर्ण तपशील सांगितला नव्हता, हे कबूल करते).

दोन महिने डोळ्याला डोळा नव्हता, त्या रात्री त्यांचं घोरणं ऐकलं आणि मला भरून आलं. दुसऱ्या दिवशी मात्र ते सदरा उलटा घालून दुकानात गेले. एक शिक्षिकाबाई किल्ली हरवून घराबाहेर अडकल्या होत्या. त्यांच्या कुलपाचा मेणावर घेतलेला ठसा समोर ठेवून किल्ली घासता घासता हे कानस हातात धरूनच पेंगले. बाई भल्या. म्हणाल्या, "काका, पडा जरा, मी बसते." तासभर बसल्या, आणि येणाऱ्या गिऱ्हाइकांना "हळू बोला" म्हणत राहिल्या. उठून यांनी किल्ली पुरी केली, ती बाईंच्या कुलपाला काही लागेना, शेजारच्या शिंप्याच्या कपाटाला मात्र झकास लागली.

तिसऱ्या दिवशी पायरीवर तोल गेला, तेव्हा डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी मला बाहेर नेऊन काय काय दिलं ते विचारलं. मी सांगितलं. ते ओरडले नाहीत, नुसता चष्मा काढला. "काकू, या कुलपाला किल्लीची भोकं एकाहून जास्त असतात. गोळी एकात, काढा दुसऱ्यात, आणि दोघं मिळून दार सताड उघडतात. इथे अर्धं नि अर्धं मिळून एक होत नाही. कंबर मोडली असती, श्वाससुद्धा मंदावला असता. आता दोन्ही बंद, आणि त्यांना सगळं सांगून टाका."

नाही सांगितलं, वन्सं. दादांची समजूत झाली आहे की आपलं डोकंच चाललं. शनिवारी दुकान शिंप्याला देतो, असा शब्द देऊन बसलेत. काल एकेक कानस फडक्यात गुंडाळत म्हणाले, "बंदच करतो गं. उद्या चुकीची किल्ली दिली तर कुणीतरी पोराबाळांसकट बाहेर उभं राहायचं." मी स्वयंपाकघरात जाऊन घासलेली भांडी पुन्हा घासली.

तुमची वहिनी

ता.क. खरं काम असं. तुम्ही दादांना लिहा की मुळं चुकून फार कडक निघाली. धाकट्या बहिणीला ते हसून सोडून देतील. माझं कळलं तर उद्यापासून पाणीसुद्धा हुंगून पितील.

पुन्हा ता.क. वरचं काही लिहू नका. पाकीट चिकटवण्याआधी प्रार्थनेला बसले, ती उठून सरळ त्यांच्यापुढे उभी राहिले आणि सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे माझं डोकं शाबूत आहे?" मी म्हटलं, "तुमचं आहे." मग खाली बघत त्यांनीही सांगितलं की गोळ्यांची एक पट्टी दुकानाच्या खणात उरली होती, ती वाया जाऊ नये म्हणून काढ्यानंतर रोज अर्धी गोळी ते स्वतःच घेत होते. आता शिंप्याला नाही म्हणायला गेलेत, सदरा सुलटा घालून. पण ही दुसरी अर्धी डॉक्टरांना अजून ठाऊक नाही, आणि सांगायची आमच्या दोघांतही हिंमत नाही. तेवढा फोन तुम्ही करा.