लोंबणारा जोड

साक्षीच्या आजोबांना केवळाचा लातूरहून नमस्कार.

फोनवर तुम्हाला ऐकू येत न्हाई, म्हणून लिहून राहिले. म्हैस माझ्याबिगर पान्हावती का?

नातीची वेल्डिंगची परीक्षा सोमवारी हाय. नापास झाली तर तिच्या भाकऱ्या थापत मी आणखी सहा महिने इथंच. डोक्यावरचा जोड मारताना तिचं वितळलेलं लोखंड शेवयांवानी खाली लोंबायचं. मी म्हणलं, "धिरड्याला होळीचा जाळ लावतीस का गं?" हसली. मग मशीनचा करंट एकशेवीसवरून शंभरावर आणला, वेल्डिंगची कांडी जोडाच्या जवळ धरली. काल जोड सपाट बसला. लई बरं वाटलं.

पास झाली की मंगळवारीच मुखेडच्या गाडीत बसते. दुखरा गुडघा घेऊन स्टँडवर येऊ नका. आलातच तर दाढी करून या.

केवळा