कमानीची विभूती

माकणी, ता. १ डिसेंबर १९४३

चि. मल्लिकार्जुनास उमाअक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि. ओढ्यावरच्या तुझ्या पुलाच्या कमानीला भेग पडली आणि साऱ्या गावाला अक्कल फुटली. गुत्तेदार कल्याणप्पा म्हणतो, गिलावा फासून टाका. तुझे दाजी म्हणतात, भरली गाडी एकदा वरून न्या, दगड आपोआप बसत्यात. आणि तू सरकारी ओव्हरसियर! काम थांबवलंस, भेगेवर चुन्याचे तीन आडवे पट्टे विभूतीसारखे ओढलेस आणि भूमच्या कामावर निघून गेलास. शुक्रवारी, दहा तारखेला साहेब पूल खुला करायला येणार. पुलावर पहिली गाडी आपली, आत आमची लेक चन्नम्मा बसणार, असं यांनी गावभर सांगून ठेवलंय. आमची शोभा करू नकोस म्हणजे झालं.

तुझी अक्का

भूम, ता. ४

ती. सौ. अक्कांस शि. सा. न. वि. वि. गावात एवढे इंजिनिअर असताना सरकार मला उगीच पगार देतं, हे पटलं. तरी पगार मिळतोय तोवर हुकूम एकट्या माझा. मी सांगेपर्यंत कमानीखालचे लाकडी टेकू निघणार नाहीत. मुकादम धुळाप्पा रोज उजाडल्यावर पट्टे पाहून मला कळवतो. पट्टे कशासाठी, हे गावाला समजावत बसलो तर पूल म्हातारा होईल. विभूतीच म्हणा, म्हणजे कोणी हात लावणार नाही. दाजींना दंडवत, त्यांच्या बैलांना विश्रांती.

जमेल तेवढा आज्ञाधारक,
मल्लिकार्जुन

माकणी, ता. ७

चि. मल्लिकार्जुनास आशीर्वाद. पट्टे अखंड आहेत म्हणून शुक्रवारी टेकू काढायचा तुझा हुकूम आला, शाबास! पण सगळं श्रेय एकट्यानं लाटू नकोस. पट्टे रोज रात्रीतून तडकतात. तडकलेली विभूती अशुभ, म्हणून हे पहाटे अंघोळ करून ओल्या चुन्यानं ते पुन्हा ओढून येतात. धुळाप्पा येतो तेव्हा कसे कोरे करकरीत! तुझी शिस्त आणि यांची भक्ती, पूल टिकेल नाही तर काय.

तुझी अक्का

भूम, ता. ९, स्वाराहाती

अक्का, नमस्कार मागाहून. ती विभूती नव्हे. पट्टा तडकला की भेग वाढतेय असं समजायचं असतं. दाजी रोज तिचं तोंड लिंपत होते. टेकूला कोणी हात लावू नका, साहेबांनी सांगितलं तरी. चन्नम्माला घरात ठेवा. मी निघालो आहे.

मल्लिकार्जुन

माकणी, ता. १३

चि. मल्लिकार्जुनास अनेक आशीर्वाद. जाब द्यायला तुला उस्मानाबादला नेलं, ते बरंच झालं. शुक्रवारी सगळ्या गावासमोर टेकू काढायला साहेबांना नाही म्हणणारा माणूस मोकळा कसा सोडतील? काल दुपारी कमान टेकूंसकट ओढ्यात बसली. जवळ चिटपाखरू नव्हतं. आवाज ऐकून हे ओढ्याकडे धावले. म्या देवाचं म्हणून केलं, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणतात. जेवत नाहीत. तू येऊन चार शिव्या दे, म्हणजे जेवतील.

चन्नम्मा अंगणात खेळतेय. तिच्याकडे पाहिलं की मला रडू येतं, आणि ती विचारते अव्वा काय झालं. नोकरी गेली तर जाऊ दे, तू ये. लोभ वाढावा असं लिहायची रीत आहे खरी, पण आता वाढायला जागा उरली नाही.

तुझी अक्का